कागद खरा, खडा खरा

मावशींनी भिंग डोळ्याला लावून तिसऱ्यांदा तो नीलम खिडकीच्या उजेडात धरला, तेव्हा समोर बसलेल्या बाईंनी मांडीवरची पर्स उचलून टेबलावर ठेवली.

"एवढा वेळ लागतो का हो बघायला?"

"बसवायच्या आधी बघून घेते. खडा कुठे कच्चा असला, तर पकड आवळताना तिथेच तडकतो," मावशी म्हणाल्या. बोलणं खरं होतं. पण आत्ता त्या ते बघत नव्हत्या.

अंगठ्यांत आणि पदकांत खडे बसवणं हे मावशींचं काम. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कारखान्यात त्यांना एकतीस वर्षं झाली होती. लांबलचक टेबलाला प्रत्येक कारागिरापुढे अर्धगोल कापलेला, त्याखाली सोन्याचा कीस झेलायला चामड्याची झोळी, आणि उत्तरेकडच्या खिडकीजवळची जागा मावशींची. नव्या खड्यावर त्यांची नजर पडल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नसे. म्हणून कारखान्यात त्यांचं नाव पडलं होतं भिंगमावशी. मालकांची मुलगी तर बोलायला लागली तेव्हापासून त्यांना मावशीच म्हणायची. तिला सगळे छोटी म्हणत, आता ती बत्तीस वर्षांची असली तरी.

समोरच्या बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आईच्या अंगठीतला खडा वर्षापूर्वी कुठेतरी गळून पडला होता. त्या जागी त्यांनी स्वतःच्या पैशांनी, चार महिने शोधून, इंटरनेटवरून हा नीलम मागवला होता. खाणीतून निघाला तसाच, भट्टीत न तापवलेला. तापवून रंग खुलवलेला त्यांना नको होता.

"मी डोळे मिटून घेतलेला नाही," बाई म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी पर्समधून कागद काढले. "फोटोवर विश्वास ठेवला नाही. दिवसाच्या उजेडात, नुसत्या तळहातावर ठेवून व्हिडिओ मागवला. मग घरातल्या पिवळ्या दिव्याखाली दुसरा. प्रयोगशाळेचा दाखला आहे, त्याच्यावरचा नंबर प्रयोगशाळेच्या साइटवर घालून बघितला. निघाला बरोबर. 'तापवल्याची खूण नाही' असं स्वच्छ लिहिलंय. शिवाय सात दिवसांत परत करायची सोय. आज सातवा. पाच वाजेपर्यंत कळवायचं. तुम्ही हो म्हणालात की विषय संपला."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते.

मावशींनी खडा खाली ठेवला आणि तो ज्या पाकिटातून आला होता ते हातात घेतलं. कोपऱ्यात निळ्या शाईने वजन लिहिलेलं होतं. दोनाचा आकडा बदकासारखा मान वळवलेला. असा दोन काढणारं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं, आणि ते आत्ता मधल्या काचेच्या दारापलीकडे बसून पार्सलं बांधत होतं.

छोटीने वर्षापूर्वी सुटे खडे ऑनलाइन विकायला सुरुवात केली होती. दुकान वेगळ्या नावाचं. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. घराजवळ आहे म्हणून त्या या कारखान्यात आल्या होत्या.

"जरा वजन करून आणते," म्हणत मावशी उठल्या. पण आत न जाता त्या आधी आपल्याच दिव्याखाली वळल्या आणि पुन्हा एकदा भिंग लावलं.

न तापवलेल्या नीलमात बहुतेकदा रेशमासारखे बारीक धागे दिसतात. लांब, सरळ, एकमेकांना छेद देणारे. या खड्यातही धागे होते, पण तुटलेले. कुणी टाके उसवावेत तसे नुसते ठिपके उरलेले. आणि एका टोकाला मोहरीहून कितीतरी बारीक कण, त्याच्याभोवती गोल, चकचकीत तडा, जणू नाण्याची कड. भट्टीत आतला कण फुगतो, भोवतालच्या दगडाला ताण पडतो आणि असा तडा जातो. मावशींनी असे तडे शेकड्याने पाहिले होते. तरी त्या 'तापवलेला आहे' असं स्वतःशीसुद्धा म्हणेनात.

त्याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची पुष्कराजाची अंगठी दुरुस्तीला आली होती. झाळकाम, म्हणजे ज्योत मारून सोनं जोडायचं काम, एक काका करायचे. अंगठी परत निघाली तेव्हा खडा पिवळा राहिलाच नव्हता, पाण्यासारखा फिका. मालकांनी मावशींना विचारलं आणि मावशींनी भिंग लावून ठामपणे सांगितलं, हा तो खडा नव्हे. काकांनी खडा बदलला असा अर्थ सगळ्यांनी काढला. काका एक शब्द न बोलता हत्यारं फडक्यात बांधून निघून गेले. पुढे दीड वर्षाने मावशींच्या स्वतःच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या एका पुष्कराजाचा रंग ज्योतीने उडाला. खडा तोच, रंग गेलेला. त्या काकांचा पत्ता शोधत फिरल्या. सापडला तेव्हा घराला दुसऱ्याच माणसाचं कुलूप होतं.

तेव्हापासून 'नक्की' हा शब्द मावशींनी सोडूनच दिला होता.

त्या काचेचं दार ढकलून आत गेल्या. छोटी चिकटपट्टी दातांनी तोडत होती.

"हा तुझ्याकडून गेलेला ना?"

छोटीने पाकीट बघितलं. "हो. इथे कसा?"

"घेणाऱ्या बाई बाहेर बसल्यात. अंगठीत बसवायला आल्यात. छोटे, हा भट्टीतून आलेला वाटतोय गं."

छोटीचा हात थांबला. मग तिने चिकटपट्टी नीट खाली ठेवली. "मावशी, दाखला आहे त्याला. नंबर मी स्वतः तपासलाय. प्रत्येक खड्याचा तपासते."

"दाखला खरा असेल. मी खड्याबद्दल बोलतेय."

"चार माणसं सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहून देतात, आणि तुम्ही हातातल्या भिंगाने—" ती क्षणभर घुटमळली. "राग मानू नका, पण दिवाळं निघेल माझं असल्या बोलण्याने. तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने नाही झाले."

मावशींना ते लागलं. पण त्यात खोटं काही नव्हतं. "म्हणूनच डोळ्यावर सोडत नाही," त्या म्हणाल्या. "काटा इकडे दे."

वजन दोन पूर्णांक एकेचाळीस कॅरेट. दाखल्यावरही तेच. छोटीने नुसत्या भुवया उंचावल्या. मावशींनी मापाचं गेज घेतलं. लांबी जुळली. रुंदी केसभर कमी, पण तेवढं चालतं. मग त्यांनी खडा उभा धरून वरच्या पातळीपासून खालच्या टोकापर्यंत माप घेतलं, आणि गेज तसंच छोटीपुढे केलं.

दाखल्यावर खोली होती पाच पूर्णांक शून्य दोन मिलिमीटर. गेज चार पूर्णांक अठ्ठ्याहत्तर दाखवत होतं.

"चुकून तिरका धरला असेल," छोटी म्हणाली.

"तू धर."

छोटीने धरला. एकदा, दोनदा, मग पुसून तिसऱ्यांदा. आकडा हलला नाही.

"वजन जुळवता येतं, अंगलट जुळवता येत नाही," मावशी हळूच म्हणाल्या. "कागद खरा, खडाही खरा. जोडी खोटी आहे. हा कागद दुसऱ्याच कुठल्यातरी खड्याचा. तू यांची गाठ कशी घातलीस?"

"मी नाही घातली. ज्याने माल दिला त्याने प्रत्येक पाकिटात दाखला घालूनच दिला होता. मी वजन ताडून बघायचे." छोटीचा चेहरा उतरत गेला. "एकाच खेपेत अकरा खडे होते, मावशी. अकराच्या अकरा गेलेत."

तेवढ्यात मालक आत आले. दोघींची तोंडं बघून त्यांनी दार मागे लोटून घेतलं. ऐकून घेताना ते एकदाही मध्ये बोलले नाहीत. मग त्यांनी मावशींचं भिंग मागून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि परत दिलं. काय दिसलं ते सांगितलं नाही.

"त्यांची मुदत किती वाजेपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"पाच."

मालकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. "आज कामं फार आहेत म्हणावं. खडा ठेवून घ्या, उद्या बघतो म्हणून सांगा. खोटं नाही त्यात काही. आपण प्रयोगशाळेत पाठवू, सावकाश काय ते ठरवू."

"उद्या त्यांच्या हातात काही उरत नाही," मावशी म्हणाल्या.

"ताई, पोरीचं नाव जाईल. त्याच्यामागे माझं. आणि तुम्हाला तरी खात्री आहे का? मागे एकदा तुम्हीच..." ते थांबले. बावीस वर्षांत त्यांनी तो विषय पहिल्यांदा काढला होता.

मावशींनी खडा परत पाकिटात घातला. होय म्हणावं तर पुन्हा एका माणसाच्या मानेवर सुरी, नाही म्हणावं तर बाहेर बसलेल्या बाईच्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"खात्री नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तेव्हा खात्री होती आणि मी चुकले. तेव्हा मी एकच करायला हवं होतं. मला काय दिसतंय आणि काय कळत नाहीये, दोन्ही सांगायला हवं होतं. तेवढं मी आता सांगणार. कामावरून काढायचं तर नंतर काढा, दादा."

त्या बाहेर आल्या. तीन वाजायला आले होते. बाई ताठ बसून होत्या, चष्मा हातात.

"खड्यात काहीतरी आहे ना?" त्यांनीच विचारलं.

मावशींनी त्यांच्या हातात भिंग दिलं, दिवा जवळ ओढला, तुटलेले धागे आणि तो गोल तडा कुठे बघायचा ते दाखवलं. मग गेज लावून खोली दाखवली. "दाखला या खड्याचा नाही, एवढं मापावरून कळतं. तापवलेला आहे असं माझे डोळे सांगतात, पण त्याची खात्री प्रयोगशाळाच देईल. आणि हलक्या आचेवर तापवलेला काही वेळा भल्याभल्यांना ओळखू येत नाही, तेही सांगून ठेवते. परत करायचा तर आत्ताच कळवा."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे त्या दुकानदाराने मला सरळसरळ फसवलं."

मागे काचेचं दार वाजलं.

"ते दुकान माझं आहे," छोटी म्हणाली. ती पुढे येऊन टेबलाशी उभी राहिली. "मी तुम्हाला दोन्ही व्हिडिओ पाठवले होते. मी वजन बघितलं, माप नाही बघितलं. मलाही तसंच मिळालं होतं, पण विकलं मी. तुम्ही कळवायची गरज नाही, मी परत घेतेय असं लिहून देते."

बाईंनी आधी छोटीकडे पाहिलं, मग मावशींकडे. "तुम्हाला ठाऊक होतं, ही इथलीच आहे?"

"पाकीट बघितल्यापासून."

"आणि तरी सांगितलंत." बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या रागावल्या होत्या, आणि तो राग लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. छोटीने लिहून दिलेला कागद त्यांनी दोनदा वाचला, एक शब्द बदलायला लावला, मगच सही घेतली.

चार दिवसांनी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. नीलम नैसर्गिक, भट्टीत तापवलेला. बाई पुन्हा आल्या. सगळ्यांना वाटलं पैसे घेऊन जातील. त्या खडा मागून खिडकीत उभ्या राहिल्या.

"तापवण्यात वाईट काही नाही," त्या वर्गात सांगावं तशा म्हणाल्या. "आतला रंग उघडा होतो, एवढंच. मला न सांगता तापवलेला नको होता. याची जी खरी किंमत असेल ती लावा. रंग माझ्या आईच्या खड्यासारखाच आहे." निम्म्याहून कमी किमतीत त्यांनी तो ठेवून घेतला, आणि मावशींनी त्याच दुपारी अंगठीत बसवला.

उरलेल्या दहा गिऱ्हाइकांना छोटीने एकेक करून फोन केले. तिघांनी शिव्या घातल्या, एकाने फोन मध्येच आपटला. खडे परत यायला तीन आठवडे लागले. माल देणाऱ्याने आधी कानावर हात ठेवले, मग फोन उचलणंच बंद केलं. मालक त्या काळात मावशींशी कामापुरतं बोलत. मग एका सकाळी त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून खिडकीशी आणली आणि परत आलेला खडा पुढे केला. "बघा ताई. आणि काय दिसतं ते मलाही दाखवा."

दहांपैकी चार खड्यांवर मावशींनी 'तापवलेला वाटतो' अशी चिठ्ठी लावली. छोटीने सगळेच प्रयोगशाळेत पाठवले. तीन चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. चौथा खडा तापवलेला नव्हताच. नंतर माप घेतलं तेव्हा त्याचा दाखलाही त्याचाच निघाला.

"मावशी, हा चुकला," छोटी म्हणाली.

"आण बघू इकडे," म्हणत मावशींनी दिवा पुढे ओढला, आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत तो खडा चिमट्यात फिरवत बसल्या.