दर सहा इंचांवर एक खड्डा

होडी साडेदहा फुटांची. प्लायवुडचे तुकडे जोडून केलेली आणि बाहेरून रेझिनमध्ये भिजवलेलं फायबरचं कापड चिकटवलेलं. त्या हिवाळ्यात ती आमच्या पार्किंगमध्ये दोन लाकडी घोड्यांवर पालथी पडलेली असायची आणि गाडी रस्त्यावर. शेजारचे काका दूध आणायला निघाले की फाटकाशी थांबायचे. "काय, यंदा गोदावरी आपल्या गल्लीत येणार का?"

बायकोला पोहता येत नाही. तिने होडीला हरकत घेतली नाही, अट घातली. "मी बसेन. पण आधी तुम्ही मला सांगायचं, की ही पक्की आहे. 'बहुतेक' न म्हणता." मी कारखान्यात तपासणी खात्यात काम करतो. मला अट वाजवी वाटली.

होडीचा तळ आणि बाजू जिथे मिळतात, ती कड महत्त्वाची. ती धारदार ठेवली तर कापड तिच्यावरून नीट वळत नाही, खाली हवा राहते आणि पुढे पाणी तिथूनच शिरतं. म्हणून कड मी आधीच गोल करून घेतली होती आणि कापड छान बसलं होतं. आता त्यावर पुट्टी भरून, घासून ती एकसारखी करायची होती. मी दोन्ही कडांवर दर सहा इंचांवर पेन्सिलची खूण केली. एका बाजूला वीस, एकूण चाळीस. गोलाई तपासायला पत्र्याचं बारा मिलिमीटर त्रिज्येचं गेज कापलं आणि प्रत्येक खुणेवर ते अचूक बसेपर्यंत पॉलिश पेपरने घासत राहिलो. चार आठवड्यांचे शनिवार-रविवार गेले. चाळीसपैकी चाळीस बरोबर. मी खूश होतो.

रंगासाठी सातपूरहून एका चाचांना बोलावलं. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी रंगाचं काही विचारलंच नाही. खिशातून मऊ सुती फडकं काढलं, कडेवर पसरलं, वर तळवा ठेवला आणि डोळे मिटून मागून पुढपर्यंत चालत गेले.

"साहेब, पाण्यात टाकायच्या आधीच लाटा आहेत हिला."

"शक्य नाही, चाचा. चाळीस ठिकाणी मोजलंय."

"तेच तर! जिथं मोजलं, तिथंच खड्डा. लोकांचे खड्डे चुकून पडतात, तुम्ही मोजून पाडले."

मला राग आला. त्यांनी वाद घातला नाही. कडेवर कोरडी काळी पावडर चोळली आणि दोन फुटी सरळ फळीला पेपर लावून वरून हलके हात मारले. उंचवट्यांवरचं काळं निघून गेलं, खोलगट भागात राहिलं. काळे पट्टे दर सहा इंचांवर होते, माझ्या प्रत्येक खुणेवर एक. दोन ठिकाणी तर पुट्टी संपून कापडाची वीण दिसत होती.

"इथं अजून थोडं घासलं असतं तर कापड गेलं असतं," चाचा म्हणाले. "ताकद कापडात आहे, पुट्टीत नाही."

बायको चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणजे अजून बहुतेकच," ती म्हणाली आणि चाचांना कप दिला.

त्या दोन जागी मी कापडाची नवी पट्टी चिकटवली. खड्डे भरले, खुणा पुसल्या. पुसताना जरा जड गेलं. मग लांब फळीने तिरके हात, मध्ये कुठेही न अडखळता. "थांबलात की खड्डा," असं चाचांनी बजावलं होतं. तीन रविवार गेले. शेवटी जुन्या साडीचा तुकडा कडेवर पसरून बायकोने हात फिरवला. डाव्या बाजूला ती थांबली.

"इथे काहीतरी आहे."

मी गेज लावलं. गेजला काही सापडलं नाही. तरी फळीचे सहा हात मारले. तिने पुन्हा हात फिरवला. "आता नाही."

रंग झाल्यावर होडी सायखेड्याला मेहुण्याच्या शेतावर नेली. नदीत आधी ती माणसांशिवाय दोरीने बांधून चार तास ठेवली. तळाशी वर्तमानपत्रं पसरली होती आणि वर दगडांच्या पिशव्या ठेवल्या होत्या, आम्हा दोघांच्या वजनाइतक्या. एकही कागद ओला झाला नाही.

"पक्की आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि माझा हात धरून आत बसली. मी वल्हवायला लागलो. होडी सरळ जात होती. दहा-बारा मिनिटं ती होडीचा काठ घट्ट धरून होती. मग म्हणाली, "अहो, इथे किती खोल आहे?"

"सात फूट. सकाळी मेहुण्याबरोबर येऊन बांबूने मोजलंय."

"किती ठिकाणी?"

"वीस."

"आणि मधे?"

मी वल्हवायचा थांबलो. ती हसली. काठावरचा हात तिने सोडला आणि बोटं पाण्यात बुडवली.