शामूला आम्ही पाणी दिलं नाही

शामराव जाधव गेला त्याला दीड महिना होऊन गेला. गॅस्ट्रोनं गेला, असं गावात सांगतात. मी तसं सांगत नाही. तो तहानेनं गेला, आणि त्याच्या हातातला तांब्या काढून घेणारा मी होतो. हे आधीच लिहून टाकतो. यापुढं जो राग येईल तो माझ्यासकट सगळ्यांवरचा आहे.

आमचं गाव शिराळ्याच्या अलीकडं. शामू आणि मी एका वर्गात होतो. मी सांगलीला गुळाच्या अडतीत चिकटलो, तो पलटणीत गेला. रजेवर आला की देवळापुढं बैठक बसायची आणि शामूच्या थापा सुरू व्हायच्या. बर्फात अस्वलाला त्यानं धोबीपछाड मारलेली असायची. "जनरलसायबानं माझ्या हातचा ठेचा खाल्ला आन् रडला गड्या, म्हनला शाम, अजून घाल!" आम्ही पोट धरून हसायचो. बंगालच्या सीमेवरून तो परत आला तेव्हाही आम्ही हसायच्या तयारीनंच बसलो होतो.

बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी निर्वासितांच्या छावण्यांवर त्याची नेमणूक होती. पटकीनं माणसं चिखलात पडून मरत होती, सलाईनच्या बाटल्या पुरत नव्हत्या. मग डॉक्टरांनी मोठमोठ्या पिंपांत पाणी घेऊन त्यात मीठ आणि साखर कालवली आणि आयांच्या हातात पेले दिले, पाजत राहा म्हणाले. एवढं सांगून थांबला असता तर... पण शामूच तो. "मेलेली मानसं उठून बसली रं!"

"मग आमच्या म्हातारीला बी उठीव की, मसनात जाऊन," कुणीतरी म्हणालं. झालं, ती गोष्टही अस्वलाच्या शेजारी जाऊन बसली. तो चिडून सांगत राहिला, "आरं, साखर नसंल तर गूळ घ्या, आपल्याकडं काय तोटा हाय?" ऐकलं कुणी नाही. पुढं कधीतरी पेढीवर बसून वर्तमानपत्र चाळताना त्या छावण्यांतली तीच हकिकत मला वाचायला मिळाली. शामू एकदा खरं बोलला म्हणायचा, एवढीच गंमत वाटली आणि मी पान उलटलं.

या उन्हाळ्यात एका रविवारी गावी गेलो तर शामू अंथरुणात. पहाटेपासून उलट्या आणि जुलाब. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. उशाशी त्याची चुलती बसलेली. आमच्याकडं जुलाब लागले की पहिल्यांदा पाणी बंद करतात, पाण्यानं ते वाढतात म्हणून. माझ्या आईनं आमचं केलं, तिच्या आईनं तिचं केलं. डॉक्टरला आणायला जीप गेली होती. "बाटली लागली की उठंल," जो तो येऊन म्हणत होता. सलाईनची बाटली लागली नाही तो आजार नव्हे आणि ती लावत नाही तो डॉक्टर नव्हे, हे आमचं वैद्यकशास्त्र.

वैनीनं, शामूच्या बायकोनं, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "मीठ घाल... गूळ घाल," तो पुटपुटला.

"जुलाबावर गूळ? याड लागलंय त्याला!" चुलती ओरडली. "काढून घ्या आवं तो तांब्या!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगलीचा, शहाणा. मी तांब्या घेतला. "शामू, जरा दम धर. बाटली येतीया."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तू तर वाचतोस की रं पेपर," म्हणाला.

परत त्यानं मागितलं नाही. ऊन कलायच्या आतच सगळं आटोपलं, जीप त्यानंतर आली. डॉक्टरांनी नाडी सोडली आणि विचारलं, "काही पाजत होतात का?" चुलती अभिमानानं म्हणाली, "थेंब सुदीक दिला न्हाई." डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं. दारात अर्धं गाव उभं होतं, तिथंच ओरडून सांगायला हवं होतं. ते बॅग उचलून जीपमध्ये बसले. गाव आता म्हणतं, बाटली वेळेवर आली असती तर शामू वाचला असता. स्वयंपाकघरात गुळाची अख्खी ढेप, रांजण भरलेला, मिठाचं मडकं चुलीजवळ, आणि आम्ही रस्त्याकडं डोळे लावून बसलो होतो!

मला शामूचाही राग येतो. कशाला कुस्ती खेळलास लेका अस्वलाशी? एक गोष्ट खरी होती, तिच्यापुरतं तरी तोंड सांभाळायचंस.

त्याच्या मागं दहा दिवस, तो गेला त्या कोपऱ्यात दिवा आणि पेलाभर पाणी ठेवायची रीत पाळली. पेला चुलतीच भरायची. पाचव्या दिवशी मी तिथंच होतो. उकाडा मरणाचा. तिनं पेला उचलून उजेडात धरला आणि सगळ्यांना दाखवला.

"बघा, कमी झालंय. पिऊन गेला माजा शाम."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. वैनी भिंतीला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आता कशी वो पाजताय, आत्ती? आता न्हाई का वाढायचे जुलाब?"

चुलतीनं पेला परत काठोकाठ भरला आणि दिव्याशेजारी ठेवला.