चाळीस हजार वर्षांचं सुतक

साऱ्या बऱ्हाणपुरात चाळीस हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचं सुतक पाळणारा एकच गृहस्थ आहे, आणि तो नेमका माझा मामेसासरा आहे. कुठल्याशा गुहेत निअँडर्थल माणसाचं नवं हाड सापडल्याची बातमी मोबाइलवर आली, की त्या दिवशी मामा दाढी करत नाहीत आणि मिठाईच्या दुकानातल्या दराब्याकडे बघतसुद्धा नाहीत. मावा जिलेबी मात्र चालते. "जिलबी बाहेरून आलेली आहे, तिले सुतक लागत नाही," हा निर्णय त्यांनीच दिलेला.

हे वेड लागायच्या आधी, टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून, मामा सोयरिकी जुळवत. शाहपूरपासून रावेरपर्यंत आमच्या जातीतलं कुठलंही लग्न मामांनी मान डोलावल्याशिवाय पुढे सरकत नसे. कुणाचंही नाव घ्या, मामा डोळे मिटून त्याच्या सात पिढ्या, प्रत्येकाचं आजोळ आणि कुणाच्या हळदीत कोण रुसलं होतं, ते सगळं सांगत. अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं सात वर्षांपूर्वी जबलपूरला, तिच्याबरोबर नोकरी करणाऱ्या एका बंगाली मुलाशी परस्पर लग्न केलं. मामांनी आदळआपट केली नाही. फक्त तिचं नाव घेणं सोडलं. पाच वर्षांची नात आहे, तिचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नाही. घरात तो विषय निघालाच तर मामा मला केळीचा भाव विचारत आणि मी, वाद नको म्हणून, मुकाट्यानं भाव सांगत असे. त्याची मला आजही लाज वाटते.

निवृत्तीनंतर कधीतरी मामांना कळलं, की शास्त्रज्ञ जुन्या हाडाचं चिमूटभर पीठ करतात आणि त्यातून मेलेल्याची कुळी वाचतात. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. "जावईबापू, इतकी पुरानी सोयरीक, आन् चौकशीले एक माणूस पाठवा लागत नाही," असं ते रात्रीपर्यंत म्हणत होते. त्यात आपल्या सगळ्यांच्या अंगात निअँडर्थलांचा थोडासा वाटा अजून आहे हे समजल्यावर तर ते जो भेटेल त्याच्या कपाळाचं हाड न्याहाळू लागले. शाहपूरला एका पोरीच्या बघण्याला गेलो असता त्यांनी मुलाच्या बापाच्या जाडजूड भुवया बराच वेळ पाहिल्या आणि आदरानं म्हणाले, "तुमच्याकडे निअँडर्थलांचा हिस्सा जरा जास्त दिसतो." त्या गृहस्थांना ते कुठलं तरी जहागीरदार घराणं वाटलं असावं. त्यांनी नम्रपणे मान तुकवली, आणि लग्न तिथल्या तिथे ठरलं. भुवयांवरून असलं काही कळत नाही, हे मी मामांना परतीच्या वाटेवर सांगितलं. "ते शास्त्र झालं. मी अनुभव सांगतो आहे," ते म्हणाले.

पण मामा मला खरे आवडतात ते संध्याकाळी, तापीच्या घाटावर. पाणी हळूहळू काळं होत जातं, पलीकडचं काही दिसेनासं होतं आणि मामांचा आवाज आपोआप खाली येतो. "तेही असेच बसत असतील ना, दिवसभराचं आटपून, उगीच पाण्याकडे बघत?" मग सांगतात, की त्यांच्यातल्या काही टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या आपल्या आपल्यातच लग्नं करत राहिल्या, दुसरे लोक जवळ असूनही मिसळल्या नाहीत. "लई कट्टर होते," मामा म्हणाले. मी विचारलं, "मग?" "मग संपले." एकदा त्यांनी मला एका मुलीची गोष्ट सांगितली. हाडाच्या एवढ्याशा तुकड्यावरून कळलं, की तिची आई निअँडर्थल होती आणि बाप अगदी दुसऱ्याच जमातीचा. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिले आजोळी नेलं असेल का हो कोणी?" मी म्हटलं, पुढेमागे तेही कळेल. त्यांनी मान हलवली. "आई कळते, बाप कळतो. म्हाताऱ्यानं मांडीवर घेतलं का नाही, ते हाडात राहत नाही." मला तेव्हा केळीचा भावही सुचला नाही.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही राजपुऱ्यात त्यांच्या घरी होतो. आमच्याकडे या सणाला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज आणि सांजोरी ठेवतात. आणि सासरी गेलेल्या लेकी याच सणाला माहेरी येतात. मामांनी वडिलांची, आजोबांची घागर मांडली आणि शेजारी आणखी एक ठेवली. भटजींनी विचारलं, ही कुणाची? "निअँडर्थलांची. त्यांचं करणारं कोणी उरलं नाही." भटजी अनुभवी होते. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, एवढं सांगून ते पुढे निघाले. तेवढ्यात सांजोऱ्यांचं ताट घेऊन मामी दारात आल्या. सात वर्षांत त्या लेकीच्या विषयावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"ज्यायचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्यायले तुमी पाणी देता," त्या म्हणाल्या. "आन् आपली पोर जित्ती आहे. तिले कोनी पाणी विचारत नाही या घरात."

भटजींनी पोथीत डोकं घातलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता विचारणार भाव. पण त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "नंबर लावून द्या, बापू. माझ्याकडे नाही." माझ्याकडे होता. मी लावून दिला. फोन एका लहान मुलीनं उचलला.

"कौन?"

समोरच्याच्या सात पिढ्या सांगणारा माणूस नुसता ओठ हलवत राहिला. "नाना," शेवटी त्यांनी म्हटलं.

"किसके नाना?"

"तेरे, बेटा."

पलीकडे फोन कुठेतरी टेकवल्याचा खट्ट आवाज, आणि "मम्मी, मम्मी" करत लांब लांब जाणारी पावलं. मामा फोन कानाला घट्ट धरून ती ऐकत बसले.