एक जूनची माणसं

शुभांगीच्या घरी, मखमलाबादला, झेंडू पिकतो आणि शुभांगी नाशिकच्या गंगापूर रोडवर, ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर बसून माणसं किती जगतील याचा अंदाज काढते. तिच्या आबांना, म्हणजे गोटीरामांना, हे काम काही नीटसं पटलेलं नाही. "लोक मरायचे कधी, हे सांगायचा पगार देतात व्हय?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "जगण्याचा अंदाज असतो, आबा," ती म्हणाली. खरं तर दोन्ही एकच, पण जेवताना कोण वाद घालतो!

तिच्या ऑफिसनं एका विमा कंपनीच्या कामासाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात विमाधारकांची वयं, हप्ते, मुदती भरायच्या. मग ते पुढची चाळीस वर्षं भराभर पळवून बघतं आणि विमा कंपनीनं आज किती रक्कम राखून ठेवावी ते सांगतं. ऑफिसात याला मॉडेल म्हणतात. शुभांगीची नोकरी अजून कच्ची होती. तिच्या वरिष्ठ श्यामला मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "मे संपायच्या आत मॉडेल नीट चाललं तर तू कायम. नाहीतर ते मुंबईच्या टीमकडे जाईल." मग शुभांगी कुठे जाईल, ते मॅडम बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

शेवटच्या आठवड्यात मॉडेल चाललं. झकास चाललं. फक्त नाशिक जिल्ह्यातल्या अकरा हजारांपैकी तेवीसशे माणसं त्यानं लाल करून बाजूला बसवली. शेरा होता, जन्मतारीख संशयास्पद. सगळ्यांची तारीख एकच. एक जून.

"कुणीतरी रकाना रिकामा सोडला असेल, संगणकानं आपल्या मनानं भरला," मॅडम म्हणाल्या. "कचरा आहे. काढून टाक."

मॅडमचा दोष नव्हता. त्यांचे वडील, ढुंढिराजशास्त्री, पंचवटीत पत्रिका करतात. त्या घरात मूल रडायच्या आधी कुणीतरी घड्याळ बघून ठेवतं.

शुभांगी लाल यादीवरून खाली जात होती, ती एका नावाशी थबकली.

"मॅडम, कचऱ्यात माझे वडील आहेत."

तिनं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आबा, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"कागदावरचा का खरा?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दोन्ही सांगा."

"कागदावर एक जून. शाळा जूनात उघडायची, पोरगं सहाचं बसलं पायजे, म्हणून गुरुजींनी सगळ्या आळीला तीच तारीख वाटली. खरा कुणाला ठावं? आई म्हणायची, शेवंतीची तोडणी चालली व्हती. का गं, विमा बुडला का काय?"

"नाय आबा, विमा हाय. तुम्हीच गायब झाला होता."

"मी कुठं गायब? मळ्यातच हाय की!"

मॅडम हसल्या, पण लगेच सावरल्या. "एका आबांवर मॉडेल बदलत नाही, शुभांगी. पुरावा आण."

तिनं यादी सालवार लावली. संगणकाची चूक असती तर सालही एकच आलं असतं. इथं माणसं तीस-पस्तीस वेगवेगळ्या सालांत पसरलेली होती, आणि बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली तसा एक जूनचा ढीग खाली खाली येत गेला होता.

"ही संगणकाची सवय नाही, मॅडम. गुरुजींची आहे."

मॅडमनी त्या सगळ्यांची वयं वर्षभर पुढेमागे करून मॉडेल पुन्हा चालवायला लावलं. राखीव रक्कम जेमतेम हलली. तेवीसशे माणसं वगळल्यावर मात्र धाडकन खाली आली, म्हणजे उद्या त्यांचे दावे आले की कंपनीला पैसे कमी पडले असते. एकतीस मेला दुपारी मॉडेल मंजूर झालं आणि सोबत शुभांगीही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबांचा फोन. "अगं, विमा कंपनीनं मेसेज धाडलाय, वाढदिवसाच्या शुभेच्छा! भिमाजीला आला, यादवला आला, कुसाबाईला बी आला. सगळी आळी मोबाइल दाखवत फिरतीय."

"संध्याकाळी केक आणते, आबा. मी कायम झाले."

मग खाकरून आबा म्हणाले, "मोठा आण. लय जण हायेत."

बेकरीवाल्यानं क्रीमची पिचकारी हातात घेऊन विचारलं, "नाव काय टाकू, ताई?"

शुभांगीनं बोटं मोजली, नवावर आली आणि नाद सोडला. "नाव राहू द्या," ती म्हणाली, "नुसती तारीख लिहा."