शेगडीपासून लांब ठेवलेली निलगिरी

ताईचं बाळंतपण माहेरी, आमच्या औरंगाबादच्या घरी झालं. बाळ जेमतेम दीड महिन्याचं होतं, तेव्हा त्याला सर्दी झाली. नाक चोंदल्यामुळे त्याला दूध ओढता येईना. दोन घोट घेऊन ते तोंड सोडायचं आणि रडायचं. ताईलाही सर्दी होतीच. बाळ पीत नाही म्हणून तिचं जेवणही सुटलं होतं.

बाळाला न्हाऊ घालायला आत्या गंगापूरहून आली होती. अंघोळ झाली की ती शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकायची आणि त्या धुरीवर बाळाला धरायची. त्या सकाळी तिनं ओव्याचा डबा बाजूला सारून निलगिरीच्या तेलाची बाटली उचलली. वडील निजाम सरकारच्या कचेरीत नोकरीला होते. घरी येताना छावणीतल्या दुकानातून त्यांनी ती ताईसाठी आणली होती.

"ओव्यानं काय होईना," आत्या म्हणाली. "हे लई जालीम हाय. निखाऱ्यावर वतलं की नाक मोकळं."

मी पंचा घेऊन दारात उभी होते. मिशनच्या इंग्रजी शाळेत जात असल्यामुळे आत्या मला मडमबाई म्हणायची, आणि मी घरात शक्यतो गप्प राहायचे. पण हे तेल मी शाळेत पाहिलं होतं. मोठ्या मुलींना सर्दी झाली की नर्सबाई गरम पाण्यात दोन-तीन थेंब टाकायच्या आणि डोळे मिटून वाफ घ्यायला लावायच्या. बाटली विस्तवाजवळ कधी उघडायच्या नाहीत. धाकट्या मुलींना तर त्या खोलीत पाऊल टाकू देत नसत. एवढ्या उग्र वासानं लहानांचा श्वास कोंडतो, म्हणायच्या.

आत्यानं बूच काढलं. मी "नको" म्हणाले, ते बहुतेक मलाच ऐकू आलं. मग मी पुढे होऊन ताईच्या मांडीवरून बाळाला उचललं.

"काय गं मडमबाई? चार लेकरं वाढवली मी."

"तेल पेट घेईल, आत्या. आणि त्याचा श्वास कोंडेल. मोठ्यांना चालतं, त्याला नाही."

"मग टोपड्याला एक थेंब?"

"तोही नको."

"मग बाटली काय देव्हाऱ्यात ठिवू?"

ताईला हसू आलं. "मला द्या," ती म्हणाली. "माझं डोकं फुटायला आलंय."

आत्यानं बूच लावलं, पण तोंड फुगलेलंच होतं. ताईनं आतल्या खोलीत, दार लावून वाफ घेतली. इकडे आत्यानं बाळाला उभं धरलं आणि मिठाच्या कोमट पाण्यात मऊ कापड भिजवून हलक्या हातानं त्याचं नाक साफ केलं. आपल्याला हे आधी का सुचलं नाही, असं ती पुटपुटत होती.

दुपारी बाळ ताईच्या कुशीत दूध प्यायला लागलं. मध्ये थांबलं, एक शिंक दिली आणि परत प्यायलं. आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता त्याच्या गालांची हालचाल बघत राहिलो.

संध्याकाळी आत्यानं हळूच विचारलं, "माझ्या गुडघ्याला चालंल का गं ते?"

"चालेल. खोबरेलात थोडंसंच मिसळून. नंतर हात धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही."

गुडघा चोळून झाल्यावर तिनं शिकेकाई लावून हात धुतले आणि ते माझ्या नाकापुढे धरले.

"येतो का वास?"

"येतोय थोडा."

ती पुन्हा मोरीकडे गेली.