आईची गाठ आणि सुरंगीचा वळेसर

सुरंगीच्या फुलांचा वास आला की मला आईची गाठ आठवते. उजव्या कानामागे ती हाताला लागली आणि आईने घाबरून मोबाइल पेटीत कोंडला. "मोबाइलान गाठ येता, मेसेजात वाचलंय." मोरजीच्या मावशीशी फोनवरच्या रोजच्या गजाली, गप्पागोष्टी बंद झाल्या, घर सुनं झालं. शेवटी मी तिला तुये गावच्या डॉक्टरकडे नेलं. "फोन कुठल्या कानाला लावता?" "डाव्या." "मग गाठ उजवीकडे कशी?" म्हणत त्यांनी तिने उजव्या कानामागे माळलेला सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, उचलला, तर त्यातून दोन लाल मुंग्या टेबलावर उतरल्या. त्यांच्याच चाव्यांची ती सूज! दवाखान्याच्या पायरीवरूनच आईने माझ्या मोबाइलवरून मावशीला फोन लावला आणि दोघी पोट धरधरून हसल्या. अजूनही सुरंगीच्या दिवसांत मी आईला फोन केला की पलीकडून आधी ऐकू येतं, "थांब गो, फुलां झाडतंय."