वास गेला की ड्रम साफ

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत पाणी साठवायला निळा ड्रम लागतो, आणि ड्रम म्हटलं की शकु. केमिकलचे रिकामे ड्रम आणायचे, सोड्याने घासायचे, उन्हात पालथे घालायचे आणि शेवटी आत डोकं घालून हुंगायचं. वास गेला की ड्रम साफ. उभा जन्म याच धंद्यात गेला, त्यामुळे स्वतःच्या नाकाचा बाईला भारी तोरा.

लेक मनाली अंधेरीत कीटकनाशकं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत लागली, तेव्हा तर शकुचं फावलंच. गोदामातले रिकामे ड्रम लेकीनेच मिळवून दिले.

एका संध्याकाळी मनाली चप्पल न काढताच आत आली.

"आई, या खेपेचे ड्रम कुठेयत?"

"एक शेजारच्या शेवंतीने नेला, बाकीचे मागे पडलेत. का गं?"

मनाली सांगू लागली. असलं जहाल औषध पाठवायचं तर आधी त्या देशाला विचारावं लागतं, घेता का म्हणून. देशादेशांचा तसा करारच आहे. या ड्रमांतल्या औषधाला आज एका देशाचा नकार आला होता. पोटातल्या बाळाला अपाय होतो, असं कारण होतं.

"अगं, पण वास गेला होता ना," शकु म्हणाली.

"वास जातो. औषध प्लॅस्टिकात मुरतं."

शेवंतीची सून पोटुशी होती. सांगावं तर धंद्याची वाट लागणार, डोंगरभर बोभाटा होणार.

"मी सांगू का?" मनालीने विचारलं.

"तू गप बस. ड्रम मी विकलाय."

शेवंती त्याच ड्रममधून भातासाठी पाणी काढत होती. शकुने तिच्या हातातला मग घेतला आणि सगळं सांगून टाकलं, देशाने नाही म्हटलं तेसुद्धा. शेवंतीने ड्रमवर झाकण ठेवलं.

"त्यांना विचारलं होय? मग मला का नाही गं विचारलंस?"

शकुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती सुनेला घेऊन तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येणार नाही, तपासण्या करत राहू.

घरी येऊन शकुने सळई तापवली आणि शेवंतीच्या आणि उरलेल्या सगळ्या ड्रमांच्या बुडाला भोकं पाडली. तेव्हापासून रोज नळ आला की आधी शेवंतीच्या दारात स्टीलची कळशी भरून नेते. शेवंती कळशी घेते. बोलत मात्र नाही.